जाळी शाबूत, कडी लागलेली, तरी कोंबडीचं मुंडकं गायब

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. सकाळी खुराड्यात दोन कोंबड्या जाळीपाशी मरून पडलेल्या, मुंडकं नाही, धड जसंच्या तसं, जाळी फाटलेली नाही, दार बंद. 'आत शिरलं कुठून?' असं विचारलंयत. बहुतेक ते आत शिरलंच नाहीये.

एवढं कळायला मला पाच कोंबड्या घालवाव्या लागल्या. दोन गेल्यावर मी दाराला दुसरी कडी लावली, तिसरी गेल्यावर खाली फरशी घातली (तीन दिवसांचं काम, कंबरडं मोडलं), कौलांच्या फटी बुजवल्या आणि चौथ्या सकाळी पुन्हा तेच. मग एकदा झाडताना बाहेरच्या बाजूने जाळीत अडकलेली मानेची बारीक पिसं दिसली, तारेवर वाळलेलं रक्त, आणि सगळं बरोबर कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीच्या उंचीला. दांडी मी जाळीला चिकटून बांधली होती, कारण कोपऱ्यात जागा वाचत होती! कोंबड्यांना अंधारात नीट दिसत नाही, बसल्या की बसल्या. जाळीची भोकं दोन इंची, बाहेरून पंजा घालायचा, मान ओढायची, येईल तेवढं तोडून न्यायचं. धड भोकातून निघत नाही म्हणून आत राहतं. आणि एवढं कळूनही 'रविवारी दांडी हलवते' म्हणत चार दिवस काढले, त्यात पाचवी गेली. ती चूक अजून टोचते.

मधल्या काळात मदतीसाठी एका कार्यालयात गेले होते, नाव घेत नाही. 'प्राणी बघितलात का? फोटो आणा.' अहो, तो फोटो काढायला थांबला असता तर मी तुमच्याकडे कशाला आले असते! या टेबलावरून त्या टेबलावर, शेवटी साहेब दौऱ्यावर. दोन खेपा घातल्या आणि नाद सोडला. तुमचा अनुभव चांगला असेलही, माझा नाही.

आता काय करायचं ते. दांडी जाळीपासून निदान हातभर आत घ्या, आजच, बाकी सगळं नंतर. झोपायच्या बाजूला जाळी नकोच, फळी किंवा पत्रा मारा, हवेसाठी वर वीतभर मोकळं सोडा आणि तिथे अर्ध्या इंची वेल्डेड जाळी. ती षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, कुत्रं मनावर घेईल तर दातांनी फाडतं. जाळी नुसत्या खिळ्यांवर सोडू नका, वायसर घालून स्क्रू मारा. उकरणाऱ्यांसाठी चर खणत बसायची गरज नाही, जाळीचा दीड-दोन फुटी पदर भिंतीच्या बुडापासून बाहेर जमिनीवर पसरा, वर माती-दगड टाका. जनावर भिंतीला लागूनच उकरायला लागतं आणि जाळीवर अडकतं. मागे सरकून उकरायची अक्कल सहसा नसते, म्हणजे माझ्याकडे तरी कोणी दाखवली नाही.

कोण होतं ते मला शेवटपर्यंत नक्की कळलं नाही, उदमांजर किंवा रानमांजर असावं. मुंगूस दिवसा फिरतं, त्यामुळे रात्रीच्या कामाचं खापर त्याच्यावर फोडू नका. सापाने मोठी कोंबडी गिळायचा प्रयत्न करून सोडली असेल तर डोकं-मानेची पिसं ओली, चिकटलेली दिसतात, मुंडकं तोडणं हे त्याचं काम नव्हे. मी काही जाणकार नाही, जे बघितलं ते सांगतेय.

रात्री खाद्याचं भांडं आत ठेवू नका, उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. फासे आणि विष तर अजिबात नको, कायद्याचं लफडं वेगळंच, आणि विष खाऊन शेजारच्यांचं मांजर मरेल. लुकलुकणारे दिवे मीही लावले होते, चार रात्री बरं वाटलं, मग जनावर सरावलं.

आणि हो, मेलेल्या कोंबड्या खुराड्याजवळ टाकल्या असतील तर आधी उचला आणि लांब, खोल पुरा. एकदा खायला मिळालं की ते परत येतं, त्यामुळे आजची रात्र कोंबड्या घरात डालग्याखाली ठेवल्यात तरी चालेल. दांडीपासून जाळी किती अंतरावर आहे ते टेपने मोजून सांगा, जाळीच्या बाहेरच्या बाजूचा फोटोही टाका, पिसं दिसतायत का बघू.