घातक कचऱ्याच्या भूभरणाजवळची विहीर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: घातक कचऱ्याच्या भूभरणापासून (कचरा पुरून ठेवण्याच्या जागेपासून) आमची विहीर दीड किलोमीटरवर आहे. यंदा पाणी मचूळ लागते, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटर १,१०० दाखवते. कचऱ्यातून झिरपलेले पाणी, म्हणजे लिचेट, विहिरीत उतरले असे समजायचे का?

उत्तर: एवढ्या एका आकड्यावरून तसे म्हणता येत नाही. मीटर खरे तर पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि तिला ०.५ ते ०.७ मधल्या एखाद्या गुणकाने गुणून टीडीएस दाखवते. गुणक वेगळा असला की एकाच पाण्याला दोन मीटर दोन आकडे देतात, म्हणून वहीत वाहकताच लिहीत जा. शिवाय खतांनी, सांडपाण्याने, उन्हाळ्यात पातळी खाली गेल्यानेही क्षार वाढतात.

क्लोराइड, सोडियम, सल्फेट आणि नायट्रेट एकाच नमुन्यात तपासून घ्या. क्लोराइडबरोबर नायट्रेटही चढले असेल, तर आधी खत, गोठा आणि शोषखड्डे बघा. नायट्रेट जागेवर आणि बाकीचे चढलेले असेल, तर भूभरणाचा संशय वाढतो. क्लोराइड मातीत अडकत नाही, पाण्याच्या वेगाने पुढे सरकते. शिसे, कॅडमियम मात्र चिकणमातीला आणि लोहाच्या ऑक्साइडला चिकटून बरीच वर्षे मागे राहू शकतात. ‘जड धातू सापडले नाहीत, म्हणजे गळती नाही’ असे कोणी सांगितले तर मान्य करू नका.

तुलना भूभरणाच्या वरच्या अंगाच्या, म्हणजे जिकडून भूजल येते त्या बाजूच्या, विहिरीशी आणि तुमच्याच विहिरीच्या जुन्या आकड्यांशी करा. वरचे अंग कोणते, हे जमिनीचा उतार पाहून ठरवू नका. रात्रभर पंप बंद ठेवून किमान तीन विहिरींची पाणीपातळी एकाच सकाळी मोजा. काठाच्या उंचीतून पाण्याची खोली वजा केली की पाण्याची खरी उंची मिळते आणि प्रवाहाची दिशा कळते. काठांची उंची लेव्हल यंत्राने घ्यावी लागते. मोबाइलवर दिसणाऱ्या उंचीत काही मीटरची चूक सहज असते.

प्रश्न: ग्रामपंचायतीला मिळालेल्या अहवालात बोअरच्या पाण्यात शिसे ‘आढळले नाही’ असे लिहिले आहे. निर्धास्त राहावे का?

उत्तर: प्रयोगशाळेची शोधमर्यादा किती होती, ते आधी विचारा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेला ०.०५ च्या खालचे दिसतच नसेल, तर ‘आढळले नाही’ या शब्दांना काही किंमत नाही. अहवालात ‘०.००५ पेक्षा कमी’ असे आकड्यात लिहून मागा.

मग नमुना कसा घेतला ते बघा. बोअरमध्ये साचलेले पाणी हवेच्या आणि केसिंगच्या (बोअरमध्ये बसवलेल्या नळीच्या) संगतीत बदलते, म्हणून साधारण तीन बोअरभर पाणी आधी उपसून टाकतात. सहा इंची बोअरमध्ये दर मीटरला सुमारे १८ लिटर पाणी असते. पाण्याचा स्तंभ १२ मीटर असेल, तर साडेसहाशे लिटरच्या आसपास उपसा हवा. उपसताना पाच-पाच मिनिटांनी पीएच आणि वाहकता मोजायची आणि सलग तीन आकडे स्थिर आले की बाटली भरायची. दहा मिनिटांत चार बोअर उरकले असतील, तर तो अहवाल बाजूला ठेवा.

सर्वांत जास्त घोळ गढूळ नमुन्यात होतो. विरघळलेले धातू मोजायचे असतील, तर पाणी जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून, नंतर पीएच २ च्या खाली येईपर्यंत नायट्रिक आम्ल घालायचे. न गाळता आम्ल घातले, की गाळाला चिकटलेला धातू सुटतो आणि आकडा फुगतो. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या (क्रोमियमच्या विषारी रूपाच्या) बाटलीत हे आम्ल चालत नाही, कारण आम्लात त्याचे रूप बदलू शकते. ती बाटली बर्फात ठेवून २४ तासांच्या आत तपासावी लागते. सॉल्व्हंटसारख्या उडून जाणाऱ्या रसायनांसाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरून उलटी धरा. बुडबुडा दिसला, तर नमुना पुन्हा घ्या.

प्रश्न: प्रकल्पाभोवती चार निरीक्षण विहिरी आहेत. तेवढ्या पुरतात का?

उत्तर: भूजलाच्या प्रवाहात वर एक, खाली तीन ही किमान मांडणी झाली. घातक कचऱ्याचा प्रकल्प रांजणगावचा असो वा तळोजाचा, आपल्याकडे खाली बेसाल्टचा कातळ आहे. पाणी वरच्या मुरमातून आणि खालच्या भेगांतून वेगवेगळे चालते. भेग चुकवून खणलेली विहीर वर्षानुवर्षे स्वच्छ पाणी दाखवत राहील. म्हणून मुरमासाठी उथळ आणि कातळासाठी खोल, अशा जोडविहिरी हव्यात आणि खोल विहिरीचे केसिंग मुरमापाशी पक्के बंद केलेले हवे. एकच लांब, उघडी बोअर दोन्ही पाणी मिसळते, शिवाय वरची घाण खाली न्यायला वाटही करून देते.

आणखी एक नोंद जरूर मागा. घातक कचऱ्याच्या भूभरणात दुहेरी अस्तर असते आणि दोन अस्तरांच्या मध्ये गळती पकडणारा थर असतो. त्या थरातून रोज किती लिटर पाणी निघते, याचा आकडा वाढू लागला, तर वरच्या अस्तराला छिद्र पडले असण्याची दाट शक्यता असते. हे विहिरीत काही दिसण्याच्या कितीतरी आधी कळते. माहितीच्या अधिकारात अर्ज करताना विहिरींच्या अहवालांबरोबर या थराची मासिक नोंदही नाव घेऊन मागा.