करडांची अचानक भेट

प्रश्न : प्राण्यांच्या निवाऱ्यासाठी निधी जमवायचा आहे. देणगीदार सांगेल त्याच्या दारी शेळीची करडं अचानक न्यावीत, अशी कल्पना आहे. काय सांभाळावं?

उत्तर : कल्पना गोड आहे. मात्र अचंबा फक्त ज्याची भेट त्याला. घरातल्या किंवा कार्यालयातल्या एकाला आधी विश्वासात घ्याच. कुत्रा आहे का, कुणी गरोदर आहे का, हे त्यालाच विचारा. करडांपासून होणारे काही संसर्ग गर्भाला धोक्याचे असतात, म्हणून गरोदर बाईंनी लांबूनच पाहावं.

एकटं करडू न्याल तर ते ओरडून घर डोक्यावर घेईल. जोडी न्या, तीही बाटलीच्या दुधावर वाढलेली, माणसांना सरावलेली. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात, सांधा दुखावतो. रबरी चटई अंथरा. वायरी आणि कागद आधी उचला, ती सगळं चघळून पाहतात.

भेट वीस मिनिटांची, दिवसाला तीनच. हगवण लागलेलं किंवा मलूल करडू घरीच ठेवा.

हात साबण-पाण्यानेच धुवायचे. सॅनिटायझरने क्रिप्टोस्पोरिडियम हा हगवण लावणारा सूक्ष्म परजीवी मरत नाही, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास जास्त होतो. खाणंपिणं दुसऱ्या खोलीत.