शूबिल हा बुटासारख्या मोठ्या चोचीचा पक्षी पाहायला पहिल्यांदाच जाताय?

युगांडात एंटेबेजवळच्या माबाम्बा पाणथळीत जाणार असाल तर पहाटेच निघा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि फोटो धूसर येतात. होडी अरुंद असते, ट्रायपॉड घरीच ठेवा.

पक्षी दिसला की नवखे लोक दोन फोटो काढून होडी वळवायला सांगतात. ही मोठी चूक. सव्वा मीटर उंचीचा हा राखाडी पक्षी, चोच छातीशी धरून, कितीतरी वेळ पुतळ्यासारखा उभा असतो. तो वाट बघत असतो फुप्फुसमाशाची. हा मासा श्वास घ्यायला वर येतो. मान झुकून चोच सरळ खाली वळली की बोट शटरवर ठेवा, कारण पुढच्या क्षणी तो पंख पसरून अख्ख्या अंगानिशी कोसळतो. चोचीत माशासोबत गवताचा झुबकाही येतो. चोच हलवून तो गवत गाळतो, मग धारदार कडांनी माशाचं डोकं कापतो. खरं बघण्यासारखं हेच!

घरट्याजवळ मात्र होडी नेऊच नका, नावाड्याने आग्रह केला तरी. कडक उन्हात आईबाप चोचीतून पाणी आणून अंड्यांवर ओततात. आपल्याला बुजून ते उठले तर अंडी तापतात. त्यात दोन अंडी असली तरी बहुधा एकच पिल्लू जगतं.