समांतर प्लेटांमधलं पोटेन्शियल आणि फील्ड: सूत्र कुठलं लावायचं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: दोन समांतर प्लेटा, मध्ये ५ मिमी अंतर, २०० व्होल्टची बॅटरी जोडलेली, खालची प्लेट ऋण. तिच्यापासून २ मिमी वरच्या बिंदूवर पोटेन्शियल (एकक चार्जमागची ऊर्जा) किती, फील्ड (एकक चार्जवरचं बल) किती? तू केक्यू भागिले आर (के स्थिरांक, क्यू चार्ज, आर अंतर) लावलंस आणि क्यू कुठून आणायचा, इथे गाडी अडली.

मी ठाण्यात नौपाड्याला बारावीला फिजिक्स शिकवतो. वर्गातली बरीच मुलं दरवर्षी नेमकी इथेच अडतात. ते सूत्र बिंदूवजा चार्जचं आहे, इथे ते चालणार नाही. इथला चार्ज अख्ख्या पत्र्यावर पसरलेला आहे. प्लेटपासून दूर सरकलं की अगदी समोरच्या चार्जचा जोर कमी होतो, पण आजूबाजूच्या चार्जचा रोख तेवढाच सरळ होत जातो आणि घट बरोब्बर भरून निघते. म्हणून मधलं फील्ड सगळीकडे सारखं. प्रत्येक प्लेट अर्धा वाटा देते. मध्ये दोन्ही वाटे एकाच दिशेला म्हणून बेरीज होते, बाहेर ते एकमेकांना खोडतात.

फील्ड सारखं म्हटल्यावर गणित दोन ओळींचं. फील्ड म्हणजे व्होल्टेज भागिले अंतर: २०० भागिले ०.००५, म्हणजे ४०,००० व्होल्ट प्रति मीटर, दिशा वरून खाली. ऋण प्लेट शून्य धरली तर २ मिमीवर ४०,००० गुणिले ०.००२, म्हणजे ८० व्होल्ट. क्यू लागलाच नाही. हवाच असेल तर फील्डला एप्सिलॉन शून्यने (निर्वाताच्या विद्युत स्थिरांकाने) गुण: दर चौरस मीटरला साधारण ०.३५ मायक्रोकूलोम.

आता तुझी खरी शंका, की पोटेन्शियल बदलतंय तर फील्ड का बदलत नाही. ठाणे स्टेशनबाहेर सॅटिसवर, म्हणजे बसच्या उंच पुलावर, बस चढते तो उतार डोळ्यांसमोर आण. बस पुढे जाईल तशी उंची वाढते, पण उताराच्या सरळ भागात चढ तेवढाच राहतो. पोटेन्शियल म्हणजे उंची, फील्ड म्हणजे चढ. उंची कुठून मोजायची हे आपण ठरवतो. शून्य मधोमध धरलंस तर प्लेटा अधिक १०० आणि उणे १०० व्होल्टवर येतात आणि तुझा बिंदू उणे २० वर. ऋण प्लेटपासूनचा फरक तरीही ८० च. म्हणून उत्तर लिहिताना शून्य कुठे धरलंय ते आधी लिही.

कागदावर पटत नसेल तर घरी करून बघ. प्लास्टिकचा उथळ ट्रे घे, दोन टोकांना ट्रेच्या पूर्ण रुंदीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उभ्या कर, बोटभर नळाचं पाणी ओत आणि ९ व्होल्टची बॅटरी जोड. मल्टिमीटरची काळी पिन ऋण पट्टीला लाव, लाल पिन पाण्यात सेंटिमीटर-सेंटिमीटरने सरकव. आकडे जवळपास सारख्या पावलांनी वाढतात. पट्टीच्या अगदी लगत आकडा उडी मारतो, कारण धातू आणि पाणी भेटतात तिथेच थोडं व्होल्टेज खर्ची पडतं; आलेख काढताना तेवढा भाग सोड. मग पट्ट्या अर्ध्या रुंदीच्या लाव आणि त्यांच्या कडेबाहेर पिन फिरव, पावलं बिघडलेली दिसतील. फील्ड कडेला बाहेर फुगतं ते हेच. गणितात आपण ते सोडून देतो, पण प्लेटा अंतराच्या मानाने बऱ्याच मोठ्या असतील तरच.

परीक्षेत मार्क जातात ते मात्र पुढच्या भागात. प्लेटा ओढून अंतर १० मिमी केलं तर काय? आधी बघ, बॅटरी जोडलेली आहे की काढलेली. जोडलेली असेल तर व्होल्टेज २०० च राहतं, फील्ड निम्मं, २०,००० होतं आणि आपल्या २ मिमीच्या बिंदूवर ४० व्होल्ट येतात. काढलेली असेल तर चार्जला जायला वाट नाही, म्हणून फील्ड ४०,००० च राहतं, बिंदूवर ८० च, पण प्लेटांमधलं व्होल्टेज ४०० होतं. वाढलेली ऊर्जा तू प्लेटा ओढताना केलेल्या कामातून आली, कारण विरुद्ध चार्जच्या प्लेटा एकमेकींना खेचत होत्या. हे एक वाक्य उत्तरात जरूर लिही.

आणि आता हे स्वतः कर. मूळच्या ५ मिमीत, बॅटरी जोडलेली असताना, १ मिमी जाड तांब्याचा पत्रा प्लेटांना समांतर सरकवला. पत्र्याच्या आत फील्ड शून्य, हवेत ५०,०००. पोटेन्शियलचा आलेख काढ; पत्र्याच्या जागी रेघ आडवी राहायला हवी.