शालेय सामन्यात रेफ्री म्हणून चुकीची पेनल्टी दिली, ते डोक्यातून जात नाही. काय करू?

तू लिहिलंयस की तू 19 वर्षांचा आहेस, कोल्हापुरात शालेय फुटबॉलला शिट्टी धरून दुसराच महिना चालू आहे, आणि 14 वर्षांखालच्या सामन्यात तू दिलेल्या पेनल्टीवर एक संघ हरला. मागनं मोबाईलवर कुणीतरी दाखवलं, चेंडू हाताला नाही, छातीला लागला होता. आता झोप लागत नाही आणि पुढचा सामना घ्यावा की नको असं झालंय.

सामना घे. का, ते सांगतो.

मी मंगळवार पेठेत गल्लीत फुटबॉल खेळत वाढलो. गुडघा गेल्यावर शिट्टी घेतली. पहिल्याच हंगामात एका पोरानं थ्रो-इनवरनं थेट आलेला चेंडू जाळ्यात मारला आणि मी ऑफसाईड, म्हणजे पोरगं बचावफळीच्या पुढं उभं होतं असं धरून, गोल रद्द केला. थ्रो-इन, गोलकिक, कॉर्नर, यांवरनं थेट आलेल्या चेंडूला ऑफसाईड नसतो हे मला तोंडपाठ होतं. तरी हात वर गेला. त्या संघाचे सर काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. मध्यंतराला पाण्याची बाटली तोंडाला लावली तेव्हा डोक्यात लख्ख पडलं.

तोवर उशीर झाला होता. खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत निर्णय फिरवता येतो, फ्रीकिक मारली गेली की विषय संपला. माझाही तिथंच संपायला हवा होता. पण दुसऱ्या हाफमध्ये मी हिशेब मिटवायला गेलो. गोलसमोरच्या बॉक्समध्ये खांद्याला खांदा लागून एक पोरगं पडलं आणि मी ज्यांचा गोल खाल्ला होता त्यांना पेनल्टी दिली. देताना मला माहीत होतं की ही पेनल्टी नाही.

सामना सुटल्यावर दुसऱ्या संघाचा गोलकीपर हातमोजे काखेत धरून माझ्याकडं आला. “सर, आमच्या डिफेंडरनं नेमकं काय केलं? परत तसं करायला नको म्हणून विचारतोय.” काय सांगणार? त्यानं काहीच केलं नव्हतं. बाहेरनं पडलेल्या शिव्या मी त्याच आठवड्यात विसरलो. हे पोरगं आजही डोळ्यांसमोर आहे.

तुझी चूक नजरेची आहे आणि नजर सगळ्यांची चुकते. शालेय सामन्याला दरवेळी लाईनमन मिळतातच असं नाही, एकट्यानं सगळं मैदान बघायचं असतं. त्यामुळं “मी असं कसं केलं” हे सोडून “मी कुठं उभा होतो” हे स्वतःला विचार. माझी पैज आहे, तू चेंडूच्या सरळ मागं होतास आणि मध्ये एखाद्या पोराची पाठ होती. चार पावलं तिरकं सरकला असतास तर छाती दिसली असती. घरी गेल्यावर वहीत तीन ओळी लिही: कितवं मिनिट, मी कुठं, मला काय दिसलं. मग वही मिटून जेवायला बस.

मोठ्या माणसांचंही होतं. 2006 च्या वर्ल्डकपला क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया सामन्यात ग्रॅहम पोल या इंग्लिश रेफ्रीनं क्रोएशियाच्या शिमुनिचला तीन पिवळी कार्डं दाखवली, तेव्हा कुठं तो बाहेर गेला. खरं तर दुसऱ्यालाच जायला हवा होता. दुसरं कार्ड वहीत ऑस्ट्रेलियाच्या 3 नंबरच्या नावावर पडलं होतं. शिमुनिचचा नंबरही 3 च. पोल पुढच्या हंगामात परत प्रीमियर लीगच्या मैदानात उतरला. मी तेव्हापासून कार्ड लिहिताना आधी जर्सीचा रंग लिहितो, मग नंबर.

पालकांचं म्हणशील, तर “डोळं फुटल्यात काय रं” हे ऐकायची सवय होईल. शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या फुटबॉल संघासाठी घसा बसवणारी माणसंच पोराच्या सामन्यालाही येतात, त्यांना ओरडणं हा तिकिटाचाच भाग वाटतो. पण कुणी समोरच्या संघातल्या पोराला शिवी दिली तर खेळ थांबव, त्या बाजूच्या सरांकडं जा आणि त्यांनाच आवरायला सांग. आपण होऊन प्रेक्षकांशी बोलायला जायचं नाही.

जुने रेफ्री सांगतील, चूक कबूल करू नकोस, उद्या डोक्यावर बसतील. पेठांच्या सामन्यात त्यांचं खरं असेल. चौदा वर्षांच्या पोरांच्या बाबतीत मला ते पटत नाही. ज्याच्यावर हँडबॉल दिलास ते पोरगं आजही स्वतःला दोषी धरत असेल. त्यांच्या सरांना फोन कर, “ती पेनल्टी नव्हती, माझं चुकलं, पोराला सांगा” एवढंच बोल. व्हिडिओ, ऊन, पाठ कुणाची मध्ये आली, यातलं काही सांगत बसू नकोस. ते चिडले तर ऐकून घे.

त्या संघाचा पुढचा सामना तुझ्याकडं आला तर टाळू नकोस. पहिल्या दहा मिनिटांत त्यांच्या बाजूनं काहीतरी द्यायला जीव नुसता वळवळेल. म्हणून त्या दिवशी शिट्टी तोंडात ठेवू नकोस, हातात धर. हात तोंडापर्यंत जाईस्तोवर एक सेकंद मिळतो.