गुडघ्यांसाठी ॲक्युपंक्चर करावं का? (नाशिक)
आईच्या झिजलेल्या गुडघ्यांना कॉलेज रोडला सुया टोचून घ्यायचा विचार आहे म्हणता. माझं मत: नको. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २००७ साली आला. ‘खऱ्या’ बिंदूंवर (म्हणजे ॲक्युपंक्चरवाले सांगतात त्या ठरावीक जागांवर) सुया टोचलेल्या ४७.६ टक्के लोकांना फरक पडला आणि भलत्याच जागी वरवर टोचलेल्या ४४.२ टक्क्यांनाही! नेहमीच्या उपचारांनी मात्र २७.४. म्हणजे आराम पडतो, पण तो बिंदूंमुळे नाही. गुडघ्यांच्या झिजेसाठी तर ब्रिटनमध्ये कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेने २०२२ साली ॲक्युपंक्चर देऊच नका म्हटलंय, व्यायाम आणि वजन आधी. आई हट्टच धरून बसल्या, तर सुयांचं पाकीट समोर फोडायला लावा. सुया टोचणारे बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करा म्हणाले, की तिथूनच उठा.