फवारणीचा ड्रोन दहा लिटर उचलतो, मग तोच मोठा करून उडती गाडी का होत नाही? अडचण फक्त परवान्यांची आहे का? माझ्या मुलाला यावर प्रोजेक्ट करायचाय.

परवान्यांची नाही. हाच प्रश्न माझा थोरला भाऊ मला तीन वर्षं ऐकवतोय, म्हणून लिहायला बसले. मी वाळवा तालुक्यात उसावर ड्रोनने फवारणी करते. दादा पुण्यात नोकरीला आहे, ड्रोनची बॅटरी त्याने कधी हातात धरलेली नाही.

खरी अडचण हवेत एका जागी उभं राहण्याची आहे. टाकी भरली की माझा ड्रोन २४ किलोच्या आसपास जातो, त्यात चार किलो नुसत्या बॅटऱ्या. एका जोडीत सात-आठ मिनिटं, म्हणजे एक एकर. उतरवल्यावर बॅटरी हाताला चटका देते, ती निवेपर्यंत चार्जिंगलाही लावता येत नाही. शिवाय औषध संपेल तसा ड्रोन हलका होतो. माणूस बसवला तर वजन शेवटपर्यंत तेवढंच.

किलोभर पेट्रोलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते, किलोभर लिथियम बॅटरीत जेमतेम पाव युनिट. इंजिनात चारातले तीन हिस्से वाया गेले तरी पेट्रोल कितीतरी पुढे राहतं. आणि "मोठा करा" म्हणणं सोपं आहे. सगळी मापं दुप्पट केली तर वजन आठपट होतं, पात्यांखालचं क्षेत्रफळ मात्र चौपटच. नुसतं तरंगायला लागणारी शक्ती अकरा पटींच्या वर जाते.

आता जे सांगायचंय ते. गेल्या वर्षी भरल्या टाकीनिशी ड्रोन उसाच्या शेंड्यांवर होता आणि एका मोटरची ईएससी, म्हणजे मोटरला हवी तेवढी वीज सोडणारं सर्किट, जळाली. सहापैकी पाच मोटरी चालू होत्या, तरी एवढ्या ओझ्याला सावरता आलं नाही. दोन गिरक्या घेतल्या आणि खाली. पाती उसात घुसल्याचा चर्रर्र आवाज आला, मग सगळं गप्प. उसात शिरून शोधायला अर्धा तास लागला. हात पाचटाने कापले होते, ड्रोनचा एक दांडा मोडला होता, औषधाचा वास नाकात बसला होता. संध्याकाळी दादा फोनवर काय म्हणाला? "स्क्रू नीट आवळले नसशील." पुढे हेच त्याने सगळ्या भावकीत सांगितलं.

रस्त्यावर गाडी बंद पडली तर ती कडेला लावता येते. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तरी पुरेशी उंची असेल तर लांब पाती वाऱ्यावर फिरत राहतात आणि पायलट उतरवू शकतो. ड्रोनच्या छोट्या, ठरलेल्या कोनाच्या पात्यांना ते जमत नाही. म्हणून माणूस न्यायचा तर जास्तीच्या मोटरी, जास्तीच्या बॅटऱ्या, पॅराशूट, सगळं हवं. म्हणजे पुन्हा वजन. परवाना देणारे हेच तपासतात, आणि तपासायलाच हवं.

एक गोष्ट मात्र मान्य करते. पंख लावले तर पुढे जाताना पंखच भार घेतात, शक्ती खूप कमी लागते. स्लोव्हाकियाची एअरकार २०२१ मध्ये नित्राहून ब्रातिस्लाव्हाला ३५ मिनिटांत उडत गेली, तीही पेट्रोल इंजिनावर. पण तिला धावपट्टी लागते. विजेवर सरळ वर उठणारी यानं करणाऱ्या लिलियम आणि व्होलोकॉप्टर या जर्मन कंपन्या २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेल्या. ठरलेल्या जवळच्या मार्गावर हवाई टॅक्सी चालेल कदाचित. दारातून उठून ऑफिसात उतरणं मला दिसत नाही.

मुलाला यावर प्रोजेक्ट करायचाय म्हणता, तर आधी त्याला एक हंगाम कुठल्यातरी फवारणीवाल्याबरोबर बांधावर उभा करा. बॅटऱ्या वाहू द्या, पडलेला ड्रोन उसातून उचलू द्या. आणि दादा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. त्या दिवशीचे सगळे स्क्रू जागेवर आवळलेलेच होते, फोटो आहेत. ती काळी पडलेली ईएससी मी फेकलेली नाही, देवघराच्या खालच्या खणात आहे. दिवाळीला येशील तेव्हा बघ.